पॉवर व्हॉल्व्ह म्हणजे गाडीची वेसण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींवर आलेला लेख मी येथे बर्मिंगहॅममध्ये इंटरनेटवर वाचला. यामाहाच्या आरएक्स १०० मोटारसायकलचा आवाज कानावर पडत कोल्हापुरात लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला तो आवडला नसता तरच नवल. मात्र त्यातील एका विधानामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. परदेशातील १२५ सीसी गाड्यांमध्ये वेग रोखण्यासाठी पॉवर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टच्या वाटेतील फिरती झडप) बसवलेला असतो आणि तो काढून टाकला की गाडी मोकळी होते, असे लेखकाने म्हटले आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे आपले दैनिक रोज वाचणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत, त्यांची मुले सतराव्या वर्षी अशा गाड्या हाताळू लागतात, आणि या सल्ल्याने एखाद्याचे इंजिन, कदाचित हातपायही, कामातून जाऊ शकतात.

सिलिंडरच्या भिंतीतील ज्या झरोक्यातून जळालेला वायू बाहेर पडतो, त्या एक्झॉस्ट पोर्टची वरची कड किती उंचीवर आहे, यावर टू-स्ट्रोक इंजिनाचा सारा स्वभाव अवलंबून असतो. कड उंच असेल तर झरोका लवकर उघडतो, वरच्या फेऱ्यांना (आरपीएमला) इंजिन मोकळा श्वास घेते, पण खालच्या फेऱ्यांना दाब लवकर निघून जातो आणि ताजे मिश्रणही वाया जाते. कड खाली असेल तर पिकअप दमदार मिळतो, पण वर गेल्यावर इंजिन घुसमटते. कोल्हापूरच्या गॅरेजांत आरएक्सचा पोर्ट घासून वर नेण्याची हौस मी जवळून पाहिली आहे. तशी गाडी मोकळ्या रस्त्यावर सुसाट सुटायची आणि गावातल्या गर्दीत पहिल्या गिअरमध्ये नुसती गुरगुरत राहायची. एक मिळवायचे तर दुसरे सोडावे लागे.

ही ओढाताण सोडवण्यासाठीच पॉवर व्हॉल्व्ह आला. यामाहाच्या पद्धतीत पोर्टच्या वरच्या कडेला एक आडवा गोल दंड असतो, त्याचा एक भाग कापलेला असतो आणि फेऱ्या वाढतील तसा सर्वो मोटर (हवे तेवढेच फिरणारी छोटी विजेची मोटर) दोन केबलींनी तो फिरवते, म्हणजे कड चालत्या गाडीत वरखाली होते. १९७७ मध्ये यामाहाने ही युक्ती शर्यतीच्या गाडीवर वापरली आणि १९८३ मध्ये आरडी ३५० एलसीच्या नव्या आवृत्तीच्या रूपाने ती रस्त्यावर आणली. त्याच वर्षी आपल्याकडे राजदूत ३५० आली, पण तिच्यात हा व्हॉल्व्ह नव्हता. तिच्यात आणि आरएक्समध्ये असतो तो रीड व्हॉल्व्ह, म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या पातळ पात्यांची झडप. तिचा एक्झॉस्टशी काही संबंध नाही. आपल्याकडे या दोन नावांची सरमिसळ नेहमी होते आणि लेखातही ती झाली असावी.

मग पॉवर व्हॉल्व्हला वेग रोखणारा ठरवण्याची समजूत आली कोठून? तिचे मूळ कायद्यात आहे. ब्रिटनमध्ये १९८३ पासून शिकाऊ चालकाच्या गाडीला १२५ सीसी आणि १२ अश्वशक्ती अशी मर्यादा आली. आज छोट्या मोटारसायकलींच्या ए-वन या परवाना वर्गात ती ११ किलोवॅट, म्हणजे साधारण १५ अश्वशक्ती आहे. जर्मनीत तर सोळा-सतरा वर्षांच्या मुलांच्या १२५ सीसी गाड्यांना जानेवारी २०१३ पर्यंत ताशी ८० किलोमीटरचे बंधन होते. मुळात २० अश्वशक्तीच्या वर जाणारे इंजिन या चौकटीत बसवण्यासाठी कारखान्यांनी निरनिराळ्या वाटा काढल्या. कोठे एक्झॉस्टच्या नळीत अरुंद भोकाची चकती टाकली, कोठे कार्ब्युरेटरकडून येणारी वाट अरुंद केली, कोठे सीडीआय, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, बदलला. आणि ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या बऱ्याच गाड्यांत पॉवर व्हॉल्व्ह बंद स्थितीत पक्का करून टाकला. बांधून ठेवलेला हा व्हॉल्व्ह पाहूनच लोकांनी त्यालाच वेसण मानले.

माझ्या मुलाने गेल्या वर्षी, येथील ए-टू, म्हणजे मध्यम शक्तीच्या गाड्यांचा, परवाना मिळाल्यावर, नव्वदच्या दशकातील एक यामाहा डीटी १२५ आर जुन्या बाजारातून घेतली. आधीच्या मालकाने तिच्यावर सर्वो, केबली आणि वेगळा सीडीआय चढवून ती ‘मोकळी’ केली आहे, असे विकताना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात गाडी ताशी ६० मैलांच्या, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरच्या पुढे हलत नव्हती आणि चढावर पहिल्या दोन गिअरांतही मरगळलेली होती. मुलाच्या मित्रांचा सल्ला लेखातल्यासारखाच होता: व्हॉल्व्ह उपसून टाका. मला मात्र त्या तक्रारीतच खूण दिसली. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला असता तर वरचा वेग गेला असता, पण खालचा जोर शाबूत राहिला असता. पूर्ण उघडा अडकला असता तर खालचा जोर जाऊन वर गाडी सुटली असती. येथे दोन्हीकडे नन्ना होता, म्हणजे एकाऐवजी दोन दोष असणार, असे धरून मी कामाला लागलो.

आधी साध्या गोष्टी पाहिल्या, कारण वेग अडण्याची निम्मी कारणे तेथेच सापडतात. प्लग, कॉम्प्रेशन, रीडची पाती, एअर फिल्टर, क्लचप्लेटा घसरतात का, मागचा ब्रेक चिकटतो का, हे सारे ठीक निघाले. मग किल्ली फिरवून कान दिला. या सर्वोने किल्ली लावताच एकदा घर्रकन फिरून परत जागेवर यायला हवे. मोटरचा आवाज आला, पण तो मध्येच अडखळला. सिलिंडरच्या बाजूचे छोटे झाकण काढून पाहिले तर केबल ओढली जात होती आणि दंडाच्या टोकाची पुली अर्ध्या वाटेत थबकत होती. एक केबल ताणलेली, दुसरी इतकी ढिली की बोटाने सहज वर उचलली जावी.

व्हॉल्व्ह बाहेर काढला तेव्हा तो दंड ओळखू येत नव्हता. डांबरात बुडवून वाळवल्यासारखा काळा, कडक थर त्यावर चढला होता आणि दोन्ही टोकांच्या रबरी रिंगांतून तेल पाझरून धूळ चिकटली होती. जादा तेल, हलक्या प्रतीचे तेल आणि इंजिन धड तापायच्या आत संपणारे जवळचे प्रवास, या तिन्हींनी हा कार्बन साठतो. आमच्या लहानपणी आरएक्सचा सायलेन्सर चोक झाला की तो जाळून मोकळा करीत, तेच दुखणे येथे अधिक नाजूक जागी होते. दंड रात्रभर डिझेलमध्ये ठेवला आणि पितळी ब्रशने साफ केला. पॉलिश पेपर मुद्दाम लावला नाही, कारण त्याने दंड झिजून ढिला पडतो. रिंगा नव्या घातल्या. हा दंड दोन तुकड्यांचा असून आत बोल्टने जोडलेला असतो. तो बोल्ट सैल झाला तर तुकडा पिस्टनवर आपटू शकतो, म्हणून तो काढून लॉकिंग द्रव लावून पुन्हा कसला. एक्झॉस्टची नळी उतरवून, बॅटरीच्या उजेडात, किक हाताने हळू दाबत पिस्टन वरखाली नेला आणि व्हॉल्व्ह कोठे घासत नाही ना, हे डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर दोन्ही केबली सारख्या ताणून पुलीची खूण जुळवली.

दुसरा दोष त्या उतरवलेल्या नळीतच होता. तोंडापाशी आत वेल्डिंगने बसवलेली लोखंडी चकती तशीच होती आणि तिचे भोक नळीच्या आतल्या व्यासाच्या जेमतेम निम्मे भरले. म्हणजे आधीच्या मालकाने महागाचा सर्वो बसवला, पण ही चकती काढलीच नव्हती. ती काढून लगेच गाडी पळवणे हा मात्र घातक मोह असतो. अडवलेल्या गाडीत कार्ब्युरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे मुख्य भोक, लहान असतो. वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढते, मिश्रण पातळ होते, आणि पिस्टन तापून भर वेगात सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. मागचे चाक त्या क्षणी जागच्या जागी जाम होते. आम्ही मुद्दाम बराच मोठा जेट घालून सुरुवात केली, दर खेपेला एकेक माप उतरत गेलो आणि प्लग ओल्या काळ्याचा तपकिरी झाला, म्हणजे मिश्रण जुळले, तेथे थांबलो. खालचा पिकअप व्हॉल्व्हने परत दिला, वरचा वेग चकती गेल्याने आला. व्हॉल्व्ह फेकून दिला असता तर पोर्टची कड कायमची उंच राहिली असती, दंडाच्या रिकाम्या खाचेतून दाब भलतीकडे गेला असता आणि चकती तशीच राहिल्याने वेगही वाढला नसता.

गाडीची शक्ती वाढल्याचे विमा कंपनीला लेखी कळवले. हप्ता वाढला, तो भरला. शिकाऊ किंवा ए-वन परवान्यावर मात्र मोकळी केलेली गाडी चालवणे येथे परवान्याचा भंग ठरतो, आणि अपघात झाल्यास विमा हात वर करू शकतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या पालकांनी गाडी घेण्याआधी व्हॉल्व्ह, चकती आणि जेट या तिन्ही गोष्टी जाणकाराकडून उघडून पाहाव्यात, कारण विकणाऱ्याचे ‘फुल पॉवर’ किंवा ‘रिस्ट्रिक्टेड’ हे दोन्ही शब्द तपासल्याशिवाय खरे धरता येत नाहीत.

माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीच्या पुढील अंकात त्या विधानाची दुरुस्ती छापावी. पॉवर व्हॉल्व्ह हा इंजिनाला खालच्या व वरच्या दोन्ही फेऱ्यांत जोर देणारा भाग आहे, तो काढायचा नसतो, साफ करून नीट जुळवायचा असतो, आणि वेगाचे बंधन कोणत्या भागात घातले आहे ते त्या त्या गाडीत शोधावे लागते, एवढा मजकूर पुरे. लेखाच्या बाकी भागाबद्दल, विशेषतः आरएक्सच्या आठवणींबद्दल, लेखकाचे मनापासून आभार.

आपला,
एक वाचक, बर्मिंगहॅम (मूळ कोल्हापूर)