मॅमथ थंडीने मेले नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मॅमथ '१०,००० वर्षांपूर्वी कडाक्याच्या थंडीने एकाएकी नामशेष झाले', असे गेल्या रविवारच्या पुरवणीत छापून आले. यातली थंडी चुकली आहे, 'एकाएकी' चुकले आहे आणि आकडा अर्धाच खरा आहे.

लोकरी मॅमथ थंडीतच रुळलेला प्राणी. कान लहान, शेपूट आखूड, कातडीखाली चरबीचा थर आणि वर दुहेरी केस. २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होते, तेव्हा तो सायबेरियाच्या माळांवर आरामात चरत होता. हवा गार पण कोरडी, त्यामुळे बर्फ बेताचे आणि गवत मुबलक. १४,७०० वर्षांपूर्वी ऊब आणि ओल वाढू लागली, तशी गवताची जागा शेवाळ, दलदल आणि खुरट्या बर्चने घेतली.

मात्र सगळे खापर उबेवरही फोडता येत नाही. सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वीचा उबदार काळ मॅमथांनी निभावला होता. या खेपेला भाला घेतलेला माणूस सायबेरियात पोचलेला होता. तिथल्या याना नदीकाठी मॅमथच्या हाडांत रुतलेली हत्यारांची टोके सापडली आहेत. मॅमथच्या जवळच्या नात्यातली आशियाई हत्तीण २२ महिने गाभण राहते आणि दोन पिलांत चार-पाच वर्षांचे अंतर असते. थोडी शिकार झाली तरी असा कळप भरून निघत नाही.

मुख्य भूमीवरचे बहुतेक मॅमथ १०,००० वर्षांपूर्वी संपले, हे बरोबर. बेटांवरचे मात्र उरले. अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटाचे आजचे क्षेत्रफळ नागपूर शहराच्या जेमतेम निम्मे. तिथे १७८७ पर्यंत माणूस पोचलाच नव्हता. तिथल्या तळ्याचा गाळ नळीने उपसून थर तपासले, तेव्हा लिदीवर वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू आणि मॅमथचा डीएनए ५,६०० वर्षांपूर्वीच्या थरापाशी थांबलेला दिसला. त्याच सुमारास तळे उथळ आणि गढूळ होत गेले होते. समुद्र चढत होता, बेट आक्रसत होते, आणि पाण्यासाठी एकाच काठावर गर्दी करणारे मॅमथ तो काठ तुडवून गाळात भरच घालत होते. म्हणजे ते मेले तहानेने.

सायबेरियाच्या उत्तरेचे रँगेल बेट ७,६०० चौरस किलोमीटरचे, आपल्या जिल्ह्याहूनही लहान. तिथे मॅमथ ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत होते, म्हणजे हडप्पा आणि मोहेंजोदडो गजबजलेले असताना. २०२४ मध्ये २१ मॅमथांचे जनुकसंच वाचले गेले. त्यांवरून बेट मुख्य भूमीपासून तुटले तेव्हा मागे फार तर आठ प्राणी राहिले असावेत, असे दिसते. वीस पिढ्यांत ते २००-३०० झाले आणि पुढे ६,००० वर्षे टिकले. जवळच्या नात्यातल्या संकराने जनुके दुबळी झाली खरी, पण या एका बेटावरचा नाश हळूहळू नव्हे, अचानक झाला. तिथल्या माणसाच्या सर्वांत जुन्या खुणा त्यानंतर काही शतकांच्या.

आता आकड्याबद्दल. रँगेलच्या शेवटच्या हाडांचे वय काही ठिकाणी ३,७०० आणि काही ठिकाणी ४,००० छापले जाते. दोन्ही बरोबर असते, कारण पहिली 'कार्बन-वर्षे', म्हणजे हाडात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून काढलेले कच्चे वय, आणि दुसरी झाडांच्या वाढवलयांशी ताळा करून काढलेली खरी वर्षे. अशा वयापुढे लिहितात त्या 'आजपूर्वी' यातला 'आज' म्हणजे १९५० साल, हेही विसरले जाते. जुन्या हाडांत याहून मोठी फसगत होते. ४०,००० वर्षांच्या हाडात ते सांधायला लावलेल्या सरसातून (डिंकातून) किंवा झाडांच्या मुळांवाटे १ टक्का आजचा कार्बन शिरला, तर वय ३३,००० च्या आसपास येते. म्हणून हाडातली खनिजे सौम्य आम्लात विरघळवून उरलेल्या कोलॅजनचेच (हाडातल्या प्रथिनाचेच) वय काढतात.

मातीतल्या डीएनएवरही आंधळा भरवसा नको. सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पात ३,९०० वर्षांपूर्वीपर्यंत मॅमथ होते, असा निष्कर्ष २०२१ मध्ये निघाला. त्यावर आक्षेप असा की गोठलेल्या जमिनीत हजारो वर्षे पडलेल्या हाडांतून झिरपलेला डीएनएही तसाच सापडेल.

लेखासोबतच्या छायाचित्रातले पिलू ल्युबा, २००७ मध्ये सायबेरियाच्या यमल द्वीपकल्पात मिळालेले. ते सुमारे ४२,००० वर्षांपूर्वीचे आहे आणि चिखल नाकातोंडात जाऊन गुदमरले होते. त्याखालची 'थंडीने गोठून मेलेले पिलू' ही ओळ दुरुस्त करावी, ही विनंती.

आपला,
भूशास्त्राचा एक अभ्यासक, सेमिनरी हिल्स, नागपूर