रानकांद्याची ओळख पटवून दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात मी तुम्हाला लांबट पानांचा एक फोटो पाठवून विचारलं होतं, ‘हा रानकांदाच ना? खोकल्यावर किती द्यायचा?’ आजीच्या वहीत ‘रानकांदा, कफावर’ एवढंच लिहिलेलं होतं आणि वडिलांचा खोकला हटत नव्हता. तुम्ही मात्रा सांगितली नाहीत. उलट विचारलंत, ‘वडील हृदयासाठी काही घेतात का?’

ते डिगॉक्सिन घेतात. हे कळवताच तुमचा फोन आला, तेव्हा कंद धुऊन ओट्यावर ठेवलेला होता. रानकांदा म्हणून ओळखला जाणारा कोळकांदा कफ सुटायला वापरत आले आहेत हे खरं. पण त्यातली ग्लायकोसाइडं नावाची द्रव्यं हृदयावर डिगॉक्सिनसारखीच चालतात. दोन्ही एकत्र पोटात गेली तर ओकाऱ्या होतात, ठोके मंदावतात, चुकतात, जीवही जाऊ शकतो. हे तुम्ही न रागावता समजावलंत. वडिलांना आम्ही डॉक्टरांकडे नेलं.

नाव मात्र तुम्ही तेव्हाही दिलं नाहीत. रानकांदा या एका नावाखाली लोक वेगवेगळे कंद दाखवतात, नुसत्या पानांवरून सांगणार नाही, फुलाची वाट बघा, म्हणालात. मला तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं. हातमोजे घालून कंद कापायला लावलात: पापुद्रे कांद्यासारखेच, पण कांद्याचा वास अजिबात नाही. पानांवर जांभळे ठिपके आहेत का, तेही विचारलंत. असते तर लेडेबुरिया या दुसऱ्याच कंदवनस्पतीचा विचार करावा लागला असता. ठिपके नव्हते.

दुसरा कंद मी जागेवरच राहू दिला होता. हिवाळ्यात त्याची पानं वाळून गेली. वैशाखात, एकही पान नसताना, उघड्या मातीतून सरळ दांडा वर आला. कांद्याला टोकाशी गोल गेंद येतो. इथे दांड्यावर अंतराअंतराने मळकट तपकिरी फुलं लोंबत होती. फोटो पाठवला आणि तुमचं उत्तर आलं: ‘ड्रिमिया इंडिका. जुन्या पुस्तकांत अर्जिनिया इंडिका. आता लिहून ठेवा.’

आजीच्या ओळीखाली दोन्ही नावं लिहिली आहेत. त्याखाली लाल शाईने, ‘हृदयाचं औषध चालू असेल तर मुळीच नाही.’ वडील सध्या बरे आहेत. हे पत्र त्यांनीच लिहायला लावलं.

तुमचा ऋणी