कोऱ्या चौकोनांबद्दल विचारणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. फिटच्या ओपीडीत दारापाशी बसून केसपेपर बघता, एवढीच ओळख. म्हणून हे असं उघडं पत्र.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर होतो. चालू मागासमोर आकडी आली, कपाळाला तीन टाके पडले आणि दुसऱ्या दिवशी मालकानं हिशेब हातात ठेवला. लग्नाची बोलणी चालली होती, तीही थांबली. घरी आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि मधेच हात थांबवून माझ्याकडं बघत राहायची. ते बघणं सोसत नव्हतं. गोळी बदलल्यावर फिट कमी झाल्या, पण मी आईवर खेकसायला लागलो. झोप उडाली. आपण नसलो तर हिचा ताप तरी मिटेल, हे रोज मनात यायचं. बोलणार कुणाशी? शेजारी आधीच ‘बाहेरचं’ म्हणत होते.

त्या दिवशी आईनं पिशवीतून कालनिर्णय काढलं. फिटच्या तारखेला लाल फुली. तुम्ही फुल्या मोजल्या आणि एका कोऱ्या चौकोनावर पेन टेकवून विचारलंत, “आणि या दिवशी कसं असतं?” मी गप्प. आईला पाणी आणायला पाठवून तुम्ही ‘जेवलास का’ विचारावं तशा आवाजात विचारलंत, “मरावंसं वाटतं का रे?”

किती मिनिटं आली, जीभ चावली का, हे सगळे विचारत. हे कुणीच विचारलं नव्हतं. मी रडलो. मागं रांग कुरकुरत होती, तुम्ही तिला थांबवलंत.

“मेंदूचाच आजार आहे, मनाला लागणारच. कधी गोळीनंही होतं. पण मनानं बंद करू नकोस, फिट उसळतील,” म्हणालात. त्याच दिवशी मला डॉक्टरांपुढं बसवलंत. त्यांनी माझी ती बदललेली गोळी, लेव्हेटिरॅसेटम, हळूहळू कमी करत दुसरी गोळी सुरू केली, मानसोपचारवाल्यांकडं पाठवलं. आईच्या मोबाईलमध्ये तुम्ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर घालून दिलात. रात्री दोन वाजता एकदा लावला, मराठीत बोलले.

नंतर वाचलं, डेन्मार्कच्या २००७ च्या अभ्यासात अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या, रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांच्या तिपटीच्या आसपास निघाला, आणि निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त. फिटच्या गोळ्यांनीही असे विचार येऊ शकतात, असं अमेरिकेच्या औषध खात्यानं २००८ मध्येच सावध केलं होतं. मग तुमचा तो प्रश्न केसपेपरवर छापलेलाच का नसावा? एखाद्या सिस्टरच्या मायेवर का सोडायचा?

आता दुसऱ्या कारखान्यात घडी-पॅकिंगला आहे. पगार कमी, पण मशीन नाही. आई हल्ली निळ्या पेननंही खुणा करते, मी चिडलो त्या दिवशी. या महिन्यात लाल एक, निळ्या पाच. गुरुवारी कालनिर्णय घेऊन येतो. त्यातल्या दोन निळ्या मला मान्य नाहीत.

तुमचा,
टॉवेलवाला पेशंट, सोलापूर