कोकमाचे अनुदान रोपापाशीच थांबू नये

महोदय,

फळबाग लागवडीच्या सरकारी अनुदानात कोकमाचा समावेश आहे, याचे कोकणातील आम्हा शेतकऱ्यांना समाधान आहे. १९९० मध्ये राज्याने रोजगार हमी योजनेशी निगडित, शंभर टक्के अनुदानाची फळबाग लागवड सुरू केली आणि आंबा-काजूने इथल्या वरकस जमिनींचे रूप पालटले. २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कोकणासाठी किमान क्षेत्राची अट दहा गुंठ्यांपर्यंत खाली आणली आहे. पैसे तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशा हप्त्यांनी मिळतात. मात्र ही सारी मदत खड्डा, रोप, खत आणि झाड जगवणे इथवरच पोहोचते. कोकमाचे मोठे नुकसान होते ते रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकल्यानंतर, आणि तिथे लहान शेतकऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच पडत नाही.

मुळात कोकम हे आंब्यासारखे बागेत रांगेने लावलेले पीक फारसे नाही. गडग्याच्या कडेला, परसात, माडाच्या सावलीत आजोबा-पणजोबांच्या वेळेपासून उभी असलेली झाडे हीच बहुतेक घरांची कोकमाची मालमत्ता. रोपापासून वाढवलेल्या झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात आणि त्यातली निम्मी झाडे नर निघण्याची शक्यता असते, जे फुलोरा आल्याशिवाय कळत नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या, त्यांच्या कलमांनी ही अडचण बरीच कमी केली, आणि त्यांच्या लागवडीला अनुदान मिळालेच पाहिजे. पण आज फळ देणारी जी जुनी झाडे आहेत, त्यांच्यासाठी योजनेच्या अर्जात रकानाच नाही.

आता आमसूल कसे तयार होते ते पाहावे. पिकलेला रातांबा कापून बिया आणि गर वेगळा करायचा, त्यात मीठ घालून रस सुटू द्यायचा, साली त्या रसात बुडवून उन्हात पसरायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाळत टाकायच्या. अशी पुटे चढत चढत सोल काळसर-लाल आणि चिवट होते, तेव्हा ते वर्षभर टिकते. या कामाला सलग कडक ऊन लागते. रातांब्यांचा हंगाम मात्र एप्रिल-मेचा असतो आणि मागास फळ नेमके मेच्या अखेरीस, वळवाच्या तोंडावर हाती येते. खळ्यात पसरलेल्या सोलांवर एक सर आली किंवा दोन दिवस मळभ राहिले की बुरशी धरते आणि घरातल्या बायकांची आठवडाभराची मेहनत वाया जाते. हा धोका नको म्हणून अनेक जण रातांबा ओलाच व्यापाऱ्याला देऊन मोकळे होतात, तर कित्येक झाडांखाली तो तसाच सडतो. त्याबरोबर बियाही जातात. त्यांच्यापासून निघणाऱ्या मुठेलाला, म्हणजे कोकमाच्या घट्ट तेलाला, सौंदर्यप्रसाधनांच्या आणि मिठाईच्या उद्योगात मागणी असताना तो पैसा गावात येत नाही, याचे फार वाईट वाटते.

प्रक्रियेसाठी प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २०२० पासून आहे, हे मान्य. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. परंतु ते बँकेच्या कर्जाशी जोडलेले आहे, किमान दहा टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते आणि अनुदान कर्जखात्यात वळते होण्यासाठी तीन वर्षे थांबावे लागते. कारखाना उभारणाऱ्या उद्योजकाला हे परवडेल. वर्षातून पाच-सहा आठवडे घरच्या खळ्यात सोले करणारी बाई त्यासाठी कर्ज काढणार नाही आणि तिने काढूही नये. याच योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातील सदस्याला चाळीस हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोय आहे. ही वाट आमच्या गरजेच्या सर्वांत जवळची आहे, म्हणून कोकमापुरती तरी तीच रुंद करायला हवी.

आणखी एक अडचण कोकणाबाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. इथल्या सातबारावर एकाच गटात अनेक भावकीची नावे सामाईक असतात आणि त्यातली निम्मी माणसे मुंबईत, काही परदेशात असतात. लागवडीच्या अनुदानासाठी सर्वांची संमतीपत्रे जमवताना पावसाळा उलटून जातो. जमिनीचा हक्क बदलणार नसेल, फक्त वाडीत वाळवणी यंत्र बसायचे असेल, तर ही अट लावण्याचे काहीच कारण नाही.

२०१६ मध्ये सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मानांकनाला साजेसा माल बाजारात यायचा असेल, तर तो स्वच्छ आणि एकसारखा वाळलेला असला पाहिजे, आणि ते काम उघड्या खळ्यावर दर वर्षी साधेलच असे नाही. म्हणून कृषी विभागाला विनंती आहे की, वाडीतील पाच-दहा घरांच्या गटाला एक सौर वाळवणी यंत्र किंवा पारदर्शक छताचा वाळवणी मंडप, रस साठवण्यासाठी अन्नासाठी योग्य अशी पिंपे आणि बिया फोडण्याचे लहान यंत्र, एवढे साहित्य कर्जाची अट न घालता अनुदानावर द्यावे. आधी खरेदी करा आणि पैसे नंतर खात्यात येतील, ही पद्धत या गटांना झेपणारी नाही. त्यांच्यासाठी रक्कम थेट पुरवठादाराला देण्याची सोय असावी. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मंजुरी फेब्रुवारी संपण्यापूर्वी मिळावी, कारण जूनमध्ये आलेले वाळवणी यंत्र त्या वर्षीच्या रातांब्यांच्या काही उपयोगाचे नसते.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग