बोहारणीला साड्या देऊ नका

पुणे,
२३ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मुद्द्याचं आधी लिहिते, नाहीतर आई पत्र अर्धं वाचून दूध बघायला उठेल. ट्रंकेतल्या साड्या बोहारणीला द्यायच्या नाहीत. एकही नाही. परवा फोनवर तू म्हणालीस, "अकरा साड्यांत झाकणाचा मोठा टोप देतेय गं ती," आणि मी काही बोलायच्या आत बाबांनी फोन घेतला. मी ओरडून "साड्या देऊ नका" म्हटलं, त्यांना ऐकू आलं "गाड्या". मग दहा मिनिटं आम्ही वाई-पुणे एसटीवर बोललो. म्हणून हे पत्र. तसंही, जन्मभर दुसऱ्यांच्या पत्रांवर शिक्के मारलेल्या माणसाला अधूनमधून स्वतःच्या नावाचं एखादं पत्र यायला हवं.

साड्या मला हव्यात. नेसायला नव्हे, वाकळ शिवायला. इथे सगळे गोधडी म्हणतात, चारचौघांत मीही गोधडीच म्हणते, पण सुई हातात आली की तोंडात वाकळ येते. मकरंद म्हणतो, हिची भाषा कोथरूडची झाली, टाके मात्र वाईचेच राहिले. टाके वाईचे राहिले असते तर बरं होतं. त्याला टाक्यातलं काय कळतंय!

तुम्हाला वाटेल, हे काय नवीन खूळ. नवीन नाही, तिसरं वर्ष चालू आहे. सांगितलं नाही, कारण पहिली गोधडी सांगण्याजोगी नव्हती. 'लॉग केबिन' नावाचा एक अमेरिकन नमुना असतो. मधे छोटा चौकोन आणि त्याच्या चारी बाजूंनी पट्ट्या जोडत जायच्या, लाकडी घराच्या भिंती रचाव्यात तशा. मधला चौकोन लाल ठेवायची रीत आहे. ती म्हणे घरातली चूल. मला हे फार आवडलं. चुलींसाठी मी लाल खणाचं कोरं कापड आणलं, भिंती पांढऱ्या आणि फिकट ठेवल्या, आत पॉलिएस्टरचं वॅडिंग घातलं. चार महिने लागले. पहिल्याच धुण्यात छत्तीसच्या छत्तीस चुली भडकल्या आणि सगळी घरं गुलाबी झाली.

आई, नवं रंगीत कापड आलं की तू ते आधी मिठाच्या पाण्यात घालायचीस आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत पिळत राहायचीस. हे मी लहानपणापासून बघितलं आणि नेमकं तेच केलं नाही. शिवाय ते वॅडिंग! उन्हाळ्यात अंगाला चिकटतं आणि धुतल्यावर आतल्या आत गोळा होतं. ती गोधडी ओजसने हॉस्टेलवर नेली. कुणी विचारलं तर रंग मुद्दाम तसा दिलाय म्हणून सांगतो.

आता शनिवारी दुपारी आम्ही सहा जण जमतो, आलटून पालटून एकेकाच्या घरी. एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांचे टाके अर्थातच सुरेख. दोन शाळामास्तरणी आहेत, एक माझ्यासारखीच नोकरीवाली, आणि एक निवृत्त इंजिनिअर काका. काका आलेखाच्या कागदावर नमुना काढल्याशिवाय कात्रीला हात लावत नाहीत. आम्ही आधी हसायचो, पण माझा पाठ त्यांनीच पक्का करून घेतला. दोन तुकडे जोडताना कडेला पाव इंच कापड सोडायचं असतं. दर जोडाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त खाल्लं गेलं तर आठ जोडांत पुरा एक इंच जातो, आणि शेजारचा चौकोन काही केल्या त्याला जुळत नाही. मला वाटायचं कापड आटतं. कापड कशाला आटेल, मीच खात होते.

तर शनिवारचं हे असं. खरी मजा रोज रात्रीची. भांडी झाली, ओट्यावरून फडकं फिरलं, की मी खिडकीखालच्या चटईवर बसते. पायावर अर्धी वाकळ घेतली की नोव्हेंबरात वेगळं पांघरूण लागत नाही. चार टाके सुईवर भरून घ्यायचे आणि एकदम ओढायचे. चार थरांतून दोरा येताना सर्र असा बारीक आवाज होतो. त्या आवाजासाठी मी टीव्ही बंद ठेवते, आणि मकरंदची बातम्यांची वेळ नेमकी तीच. अर्ध्या तासात एक हात ओळ होते, दिवसभर ऑफिसात एवढंही दिसण्यासारखं काही होत नाही. कधीकधी तर शिवतही नाही. नुसती कापडांची चवड उतरवते, रंगांप्रमाणे लावते आणि परत ठेवते. कपाटाचे दोन कप्पे भरलेत. सासूबाई म्हणतात, "घरात चिंध्या साठवू नयेत." त्यांना म्हटलं, चिंध्या नाहीत, माल आहे.

दोरा आणायला तुळशीबागेत जाते. परवा तिथून चालत बुधवारात पासोड्या विठोबाच्या देवळापाशी आले आणि पहिल्यांदाच त्या नावाकडे लक्ष गेलं. पूर्वी देवळासमोर पासोड्या विकायला बसत, म्हणून देवाला ते नाव पडलं म्हणतात. इतकी वर्षं त्या रस्त्याने जातेय, पण पासोडी म्हणजे जाड दुहेरी पांघरूण, हे डोक्यात येऊन गेलं नव्हतं. पांघरुणावरून नाव पडलेला देव दुसरा कुठे असेल असं मला वाटत नाही. उभ्याउभ्या हात जोडले. पुढची तरी सरळ होऊ दे, एवढंच मागितलं.

बाबा, हे खास तुमच्यासाठी. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड म्हणून एक वस्ती आहे. तिन्ही बाजूंनी नदीचं वळण आहे, म्हणून 'बेंड'. तिथल्या काळ्या बायका पिढ्यान् पिढ्या शेतात घालायच्या जुन्या पँटी, सदरे, पिठाच्या पिशव्या जोडून गोधड्या करत आल्या. गुडघ्यापाशी विरलेली पँट असली तर गुडघ्याची फिकट जागाही तशीच ठेवत. २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर लागल्या, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांची दहा तिकिटं काढली, ३९ सेंटची. काकांची मुलगी तिकडे असते, तिला सांगून ठेवलंय. मिळाली तर तुमच्या वहीत एक पान मोकळं करा.

आपल्याकडेही एकेक भारी प्रकार आहेत. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळकडच्या जंगलातले सिद्दी लोक आहेत ना, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले गेले, त्यांच्या बायका कवंदी शिवतात. ती तुझ्यासारखीच कडेपासून सुरू करून आत आत फिरत जाते. शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून छोटी त्रिकोणी फुलं बसवायची. त्याशिवाय कवंदी नागडी म्हणतात. मी एका प्रदर्शनात पाहिली आणि तिथेच उभी राहून घड्या मोजल्या. घरी येऊन जमवायला दोन रविवार गेले.

माझी ओळ मात्र अजूनही अधूनमधून वाकडी जाते. काका म्हणतात, पट्टी लावून खडूने रेघ मारा. मला ते नको वाटतं, कारण आपल्या घरात कुणी रेघ मारून शिवलेलं मी बघितलेलं नाही. आई, तू चिडू नकोस, पण आपल्या घरात सगळ्यांत सरळ टाका बाबांचा होता. लोक पार्सल नुसतं सुतळीने बांधून पोस्टाच्या काउंटरवर आणायचे. ते तसं चालायचं नाही आणि परत पाठवायचं तर माणूस मेणवलीहून चालत आलेला. मग बाबा कपाटातून मांजरपाट काढायचे आणि दाभणाने शिवून द्यायचे. मी शाळेतून येऊन काउंटरच्या आतल्या बाजूला स्टुलावर बसलेली असायचे. टाक्यांतलं अंतर इतकं सारखं की लाखेचा थेंब बरोबर दोन टाक्यांच्या मधे पडायचा. लाख वितळल्याचा वास मला अजून आवडतो. आई घरी त्याच मांजरपाटाचे उरलेले तुकडे वाकळेत घालायची, हे मात्र मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात तुमच्याकडून ती फाटकी हिरवी वाकळ आणली ना, तू "टाकून दे, त्यात काही राहिलं नाही" म्हणालीस ती. मी ती एका कडेने उसवली. वरची हिरवी इरकल तुझी, पदराकडचे लाल धागे अजून दिसतात. तिच्याखाली पातळ झालेलं सुती पातळ, हात लावला की विरतंय. त्याच्याही खाली एक आख्खी जुनी वाकळ निघाली! वेगळा दोरा, वेगळा टाका, जवळजवळ घातलेला. तो आजीचा असणार. म्हणजे तू आजीची वाकळ न मोडता तिच्यावरच नवी चढवलीस, आणि आम्ही सगळे लहानपणी जिच्याखाली भांडत झोपलो ती खरं तर दोन वाकळांची होती. हे तू कधी बोलली नाहीस. मी दोन्हीतला एकही टाका तोडला नाही, उसवलं तेवढंच.

आणि या दोघींच्या मधे, एका कोपऱ्यात जिथे झिजलं होतं तिथे, ठिगळ म्हणून मांजरपाटाचा वीतभर तुकडा. त्याच्यावर जांभळ्या शाईपेन्सिलीने लिहिलेलं. बरंचसं पुसलंय, पण "सौ. सु" एवढं वाचता येतं, पुढचं शिवणीत कापलं गेलंय. खाली "पोस्टामागे, वाई". म्हणजे पार्सल तुझ्या नावाने आलेलं. बाबांच्या हातचं शिवलेलं नाही, कडेला जुन्या टाक्यांची भोकं आहेत ती वेडीवाकडी.

कुणाचं गं ते? मामा पुढे इंग्रजीतच लिहायचा. आजोबांचं अक्षर मला आठवत नाही. बाबांना अक्षरावरून माणूस ओळखता यायचा, पाकीट न उलटता सांगायचे की हे अमक्याच्या मुलाचं, मुंबईहून. तुकडा पाठवत नाही, न जाणो वाटेत गहाळ झाला तर. त्याच्यावर पातळ कागद ठेवून अक्षरं जशीच्या तशी गिरवून घेतली आहेत, कागद पाकिटात आहे. बाबा, उजेडात धरून बघा. चष्मा पुसून.

आता साड्यांचं. मी मोजदाद केली आहे. नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. तिचे चार तुकडे केले की दर तुकडा पावणेसात फुटांचा, एकावर एक चार थर, एका माणसाची वाकळ झाली. अकरा साड्यांत अकरा माणसं झाकली जातील आणि ती बाई एक टोप देतेय. शिवाय जुनं कापडच लागतं, हे मी तुला काय सांगणार? बाळाच्या अंगाला कोरं लावायचं नाही म्हणून ओजसच्या वेळी तू तुझ्या दोन साड्यांची दुपटी करून आणली होतीस. त्यातलं एक आता माझ्या सुयांची गादी झालंय. जेवढी जास्त धुतलेली तेवढी सुई हलकी जाते. कोऱ्या कापडातून ओढताना बोटाला भोक पडतं, माझ्या पडलंय, अंगठ्याशेजारच्या.

सगळ्याच मला नकोत. काळी चंद्रकळा आणि लग्नातली तू ठेव, त्या मी कापणार नाही, तू दिल्यास तरी. इचलकरंजीची सुती पातळं मात्र सगळी हवीत, कितीही विरली असली तरी, ती आत जातात. बाबांची दोन धोतरंही काढून ठेव. कुठली ते त्यांना विचारून घे, नाहीतर नेसायचीच माझ्या पिशवीत येतील.

मी संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी येते. सकाळच्या एसटीने निघेन, गाडी मकरंदला हवी आहे. येताना झाकणाचा टोप इथून घेऊन येते, तू म्हणशील त्या मापाचा. माप पत्रात कळव. वीत-टीच नको, इंचांत कळव.

तोपर्यंत ट्रंकेची किल्ली बाबांकडे असू दे. बोहारीण आलीच तर चहा दे आणि सांग, लेकीने गिऱ्हाईक मोडलं.

हिरव्या वाकळेची तीन बाजूंची दुरुस्ती झाली आहे. त्या कोपऱ्यापाशी वीतभर उघडी ठेवली आहे. अक्षर कुणाचं ते कळलं की तुकडा होता तिथे ठेवून शिवून टाकीन.

बाबा, कानाच्या मशीनचा सेल बदलून घ्या.

तुमची,
शुभा

ता. क. आई, तू कोपरा कसा वळवतेस? मी कितीही केलं तरी तिथे चुणी पडते. लिहून सांगता येत नसेल तर राहू दे, आल्यावर हातात सुई देऊन दाखव.