गाड्यांच्या सिनेमाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही म्हणालात, "गाड्यांचाच सिनेमा, त्यात काय एवढं बघायचंय?" तरी मी काल रात्री 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' पूर्ण पाहिला. अर्णवला खुशाल दाखवा. मुक्ताला मात्र इतक्यात नको.

आई, तुला धास्ती वाटते तसं त्यात काही वावगं नाही. शिव्या आहेत, इंग्रजीत आणि भरपूर. पण रंकाळ्यावर संध्याकाळी एक चक्कर मारली तरी त्याहून सणसणीत कानावर पडतं. मारामारी आहे, तीही हसवणारी. दोन जिवलग मित्र किराणा सांडत हिरवळीवर लोळतात आणि त्यातल्या एकाची बायको खुर्ची टाकून थंड पीत बघत बसते. ती बाई तुला आवडेल.

वेगाचं तर बोलायलाच नको. दिवाळीत म्हशी पळवतात तेव्हा पुढं सायलेन्सर काढलेली मोटारसायकल, मागं शिंगं रंगवलेली म्हैस, आणि कट्ट्यावर उभी राहून सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी आपली मुक्ता. तिला इंजिनाच्या आवाजाची कसली भीती!

अडचण शेवटाची आहे. गोष्ट खरी, १९६६ सालच्या ल मां शर्यतीची. फ्रान्समध्ये २४ तास चालते ती. फोर्डची गाडी चालवणारा केन माइल्स पहिला येणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. पण फोर्ड कंपनीला आपल्या तिन्ही गाड्या एकदम रेषा ओलांडताना हव्या असतात, म्हणून त्याला वेग कमी करायला लावतात. नियम असा, की बरोबरीत आलेली दुसरी गाडी सुरुवातीला मागून निघालेली, म्हणजे तिनं अंतर जास्त कापलं; पहिला नंबर तिचा! अर्णव यावर तुमच्याशी तासभर वाद घालणार. घालू दे. खासबागेत कुस्ती बरोबरीत सोडवली की तुम्ही तणतणत घरी यायचात, ते सांगा त्याला.

पुढं दोनच महिन्यांनी माइल्स नवीन गाडीची चाचणी घेताना जातो. रक्तबिक्त दाखवलेलं नाही, पण त्याचा मुलगा तिथंच उभा असतो. त्याआधीही एकदा ब्रेक निकामी होऊन गाडी पेटते, तेव्हाही पोरगं समोरच. मला तिथं मुक्ता दिसायला लागली. ह्यांची गाडी हायवेवर असली की "पोचलो" असा फोन येईपर्यंत ती ताटावर बसत नाही, हे तुम्ही पाहिलंय. गाड्या आपटतात त्यानं ती घाबरणार नाही, पण ते पोरगं तिच्या डोक्यातून जायचं नाही. अमेरिकेत या सिनेमाला तेराच्या आतल्या मुलांच्या पालकांना सावध करणारा दर्जा दिलाय. पण मुक्ताच्या बाबतीत तो नसता तरी मी नकोच म्हटलं असतं.

अर्णव तेराला टेकलाय, शिवाय त्याला यंत्रात गोडी. शर्यत चालू असताना अख्खे ब्रेक काढून नवे बसवतात, ते त्याला नीट बघू द्या. सिनेमा अडीच तासांचा आहे, तेव्हा जेवणं उरकून लावा आणि मुक्ता झोपल्यावरच. शेवटी बाबा, तुम्ही उठून जाऊ नका, शेजारीच बसा.

मुक्ता रुसली तर तिला 'कार्स' लावा, बोलक्या गाड्यांचा कार्टून सिनेमा. त्यातही एक म्हातारी गाडी जोरात उलटते, पण नायक जिंकायच्या ऐन क्षणी थांबतो आणि मागं जाऊन तिला ढकलत रेषेपार नेतो. हे तिला झेपेल.

नंतर अर्णव कार्टिंगचा हट्ट धरणार. कोल्हापुरात त्याचा ट्रॅक आहे, हेल्मेट-पट्टा घालून न्यायला माझी हरकत नाही. गल्लीत सायकलवर शर्यती मात्र बंद. तिच्या ब्रेकचं रबर झिजलंय, ते आधी त्याच्याच हातून बदलून घ्या.

तुमची,
मनीषा