डॉक्टर मॅडम, तुम्ही झोपेचं विचारलंत

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

दाढ काढून तिसरा आठवडा संपत आला तरी खळगा भरत नव्हता. ब्रश केला की बेसिनमध्ये रक्त दिसायचं. आधीच्या दवाखान्यातून "तुम्ही दात नीट घासत नाही" एवढंच ऐकून परतले होते. दोन्ही वेळा घासत होते मी, तरी अपराधी वाटायचं.

तुम्ही हिरडीच्या कडेने बारीक सळई टेकवत ती किती खोल जाते त्याचा एकेक आकडा सांगितलात. शुगर तपासायला लावलीत, मिश्रीचं विचारलंत. मग हातमोजे काढले, स्टूल जवळ ओढलंत आणि म्हणालात, "रात्री झोप किती होते?"

मला रडूच कोसळलं. आईला स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली. रात्री दोनला उठून ती माहेरी जायला निघते, म्हणून दाराला आतून कुलूप आणि किल्ली माझ्या उशाखाली. ही दातांच्या डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे, असं कधी मनातच आलं नव्हतं.

तेव्हा तुम्ही अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातलं १९९५ चं संशोधन सांगितलंत. घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचं करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली. त्याच वयाच्या इतर बायकांपेक्षा ती भरायला त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. त्या तेरा बायका मला अगदी जवळच्या वाटल्या. पुढे १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर तेवढीच जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळी ती भरायला सरासरी तीन दिवस जास्त गेले, आणि सुट्टीइतक्या लवकर एकाचीही भरली नाही. ताणात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं, जखमेकडे मदतीच्या पेशी बोलावणारे निरोप क्षीण होतात, हे तुम्ही प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून दाखवलंत. तो कागद माझ्याकडे आहे.

"तुमचं सगळं ताणामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कीटण तर काढावंच लागेल," हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. म्हणूनच बाकीच्यावर विश्वास बसला. दोन बैठकांत दात साफ केलेत, खळग्यात अडकलेलं धुऊन काढलंत. आणि माझ्या भावाला फोन लावायला लावलात, तिथेच, तुमच्यासमोर. चार वर्षांत मी त्याच्याकडे मदत मागितली नव्हती. का, ते अजून नीट सांगता येत नाही.

आता शनिवारी संध्याकाळी तो येतो आणि रात्री आईजवळ झोपतो. किल्ली त्याच्या उशाखाली असते. रक्त थांबलंय, खळगा भरलाय. परवा त्या बाजूने भाकरी चावून खाल्ली, तेव्हाच ठरवलं की तुम्हाला लिहायचं. आधीच लिहायला हवं होतं.

मनापासून आभार, मॅडम. पुढच्या महिन्यात तपासणीला येतेच आहे.

तुमची एक पेशंट